आठ दिवसांत इंजिन

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. सकाळी ११

नवीन वही, नवीन संकल्प. सासऱ्यांच्या मारुती एट हंड्रेडचं इंजिन मी स्वतः, इथेच सुरतला डिंडोलीत, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोलणार, नवं करणार आणि ट्यून करून देणार. कापडाच्या लूमचं खातं दिवाळीसाठी दहा नोव्हेंबरपर्यंत बंद आहे. काम आठ दिवसांचं. पाहुणेबिहुणे धरून दहा.

अनुभव : बावीस वर्षं लूम मास्टर. एका वेळी अठ्ठेचाळीस लूम सांभाळतो. मग तीन सिलिंडर काय जड आहेत? शिवाय मोबाईलवर सहा व्हिडिओ बघून झालेत. त्यातला एक शेवटपर्यंत.

कारण : सकाळी स्टार्ट केली की गाडी निळा धूर सोडते.

सासरे, म्हणजे धुडकूनाना, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाले, "जवाई, धूर फक्त सकायले निंघस, मंग बंद व्हस. वॉलना सील गयात. इंजिन उतरावानी गरज नही." म्हणजे वरच्या व्हॉल्व्हचे चार-सहा रबरी सील बदलले की झालं, असं त्यांचं मत.

मी हसलो. वय झालं की माणसाची झेप कमी होते. आणि एसटी म्हणजे डिझेल. पेट्रोलचं शास्त्र वेगळं.

२५ ऑक्टोबर. संध्याकाळ

इंजिन उतरवलं! खात्यातून सुताचे जड बीम उचलायची चेनपुली आणली होती, ती शेडच्या लोखंडी अँगलला लटकवली. अँगल थोडा वाकला. (शेड आधीपासूनच वाकडी असावी.)

योगिता चहा घेऊन आली आणि दोन प्रश्न विचारले. बायकोचे प्रश्न नेहमी काम रंगात आलं की येतात. पहिला : नानांना दर पंधरा दिवसांनी कंपवाताच्या डॉक्टरांकडे गाडीतून तीच नेते, तर आता कसं? दुसरा : बावीस फेब्रुवारीला दोंडाईच्याला हर्षदाचं लग्न. हर्षदा म्हणजे योगिताच्या भावाची, चेतनची मुलगी, नानांची लाडकी नात. नानांना एसटीत किंवा रेल्वेत एवढा वेळ बसवत नाही. तर गाडी होईल ना?

मी म्हणालो, फेब्रुवारी? मी तर तुळशीच्या लग्नाला गाडी रस्त्यावर आणतोय. नाना हसले. त्यांना बरं वाटलं असावं.

२७ ऑक्टोबर

इंजिन संपूर्ण मोकळं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वस्तू निघाल्या.

नाना म्हणत होते, ज्या पिस्टनच्या दांड्याची जी टोपी आहे ती त्यालाच परत बसवा, चुन्याने नंबर टाका. मी सगळे पार्ट एका घमेल्यात रॉकेलमध्ये भिजत टाकले. टोप्या तिन्ही सारख्याच दिसतात. कंपनी काय एकेकाला वेगळी टोपी शिवते का?

पण माणूस ऐकत नाही. हात नुसते पिंपळाच्या पानासारखे हलतात आणि घमेल्यात घालायला बघतात. मी घमेलं सरकवून घेतलं.

२ नोव्हेंबर. तुळशीचं लग्न

गाडी रस्त्यावर नाही. रिंगांचा सेट उशिरा मिळाला, त्यात माझा काय दोष.

५ नोव्हेंबर

आज पिस्टनच्या रिंगा बसवल्या. प्रत्येक रिंग एका जागी कापलेली असते, ते तिचं तोंड. नाना : "तोंडं एका रेषेत ठेवू नका, तिन्ही तीन दिशेला ठेवा." मी मुद्दाम एका रेषेत ठेवली. दिसायला टापटीप दिसतं. लूमवर आम्ही तार सरळ ठेवतो म्हणूनच कापड सरळ निघतं.

काल योगितानं नानांना माणसं कोंबून जाणाऱ्या शटल रिक्षातून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर नाना दोन तास नुसते आडवे. योगिता मला काही बोलली नाही. म्हणजे तिला माझी धडपड समजतेय.

८ नोव्हेंबर. दुपारी १

वाईट दिवस. वॉलला दोन-दोन बारीक लॉक असतात, हरभऱ्याच्या डाळीएवढे. बारा मोजून एका झाकणात ठेवले होते, अकरा निघाले. शेजारी कोण बसलं होतं? नाना. दहा मिनिटांपूर्वी झाकणाला हात कुणी लावला? नानांनी. "मी बसाडी देऊ का" म्हणून. ज्याला चहाचा कप तोंडापर्यंत नेता येत नाही, तो म्हणे लॉक बसवणार!

मी बोललो. शेजारचे सखारामकाका ऐकत होते तरी बोललो. म्हणालो, नाना, तुमच्या हातानं आता काही होणार नाही, उगाच माझं काम वाढवू नका. उद्यापासून खाली येऊ नका.

नाना उठले, खुर्ची मिटायला लागले. ती प्लास्टिकची दोरी लावलेली घडीची खुर्ची आहे, त्यांच्या हातानं मिटेना. बराच वेळ खटखट चालली होती. मी मदत केली असती, पण हाताला ग्रीस होतं.

शेवटी योगितानं येऊन खुर्ची मिटली आणि त्यांना हाताला धरून वर नेलं.

८ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

लॉक माझ्याच शर्टच्या खिशात सापडलं. हरवू नये म्हणून मीच ठेवलं होतं. किती काळजी घेतो मी!

वर जाऊन सांगणार होतो. पण मग शिस्त राहत नाही.

१० नोव्हेंबर. सुट्टीचा शेवटचा दिवस

हेड बसवलं. बोल्ट ताकदीनं आवळले, एका बाजूनं सुरुवात करून दुसऱ्या बाजूला संपवलं, शेतात पाणी देतात तसं. नववा बोल्ट तुटला. अर्धा आत, अर्धा माझ्या हातात. आजकालचा माल असाच आहे. बाकीचे आहेत की. एका बोल्टनं एवढं मोठं हेड काय उडून जातंय?

एकोणीस दिवसांतला स्कोर : इंजिन जोडलं. उरलेले पार्ट फक्त सात. कंपनीवाले जास्तीचेच टाकतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऐतिहासिक दिवस. इंजिन गाडीत बसवलं. प्लगच्या वायरी ओळीनं एक-दोन-तीन लावल्या. चावी फिरवली. स्फोटासारखा आवाज झाला आणि एअर फिल्टरमधून ज्वाळा आली. सखारामकाका ओट्यावर चहा पीत होते, तो त्यांच्या बंडीवर. ते मराठवाड्याचे आहेत, बोलायला लागले की मागचं-पुढचं बघत नाहीत. इथे लिहिण्यासारखं काही नव्हतं.

योगिता वर गेली आणि दोन मिनिटांत खाली आली. म्हणाली, "एक-तीन-दोन लावून बघा."

हे तिला कुणी शिकवलं ते न कळायला मी दूधखुळा नाही. मी म्हणालो, स्वयंपाक बघ. ती आत गेल्यावर थोडा वेळ जाऊ दिला आणि मग माझ्या स्वतःच्या विचारानं एक-तीन-दोन लावलं.

सुरू झाली!!! चार मिनिटं चालली. मुख्य म्हणजे निळा धूर पूर्ण बंद. आता पांढरा आहे. थोडा जास्त आहे. गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार

ट्यूनिंग. हे कानाचं काम. कार्बोरेटरचा स्क्रू आत फिरवला, बंद पडली. बाहेर फिरवला, बंद पडली. म्हणजे योग्य जागा मधे कुठेतरी आहे, एवढं तर सिद्ध झालं.

ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय. नवीन ऑइलचा रंग असेल.

कॉम्प्रेशन मोजलं. पहिला सिलिंडर साठ. दुसरा चाळीस. तिसरा शून्य. पुस्तकात एकशे सत्तरच्या वर हवं असं लिहिलंय. गेज खराब आहे.

२ डिसेंबर

दवाखान्यातून येताना नाना रिक्षातून उतरताना पडले. रिक्षावाल्यानं पाय टेकायच्या आत गाडी पुढे घेतली म्हणे. कपाळाला तीन टाके. सुरतचे रिक्षावाले फार बेफिकीर झालेत. मी योगिताला म्हणालो, तू धरायला हवं होतंस.

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढं बघण्यासारखं काय होतं कळलं नाही. मी आरशात जाऊन तोंड बघितलं, गालाला थोडं ग्रीस होतं.

७ डिसेंबर, रविवार

गाडी आता चार मिनिटंही चालत नाही. हेड परत खोललं. आत पाणी. गॅस्केट फुटलंय. तुटलेला बोल्ट तसाच आत आहे. ड्रिलनं काढायला गेलो, ड्रिलचं टोक पण आतच मोडलं. आता आत दोन वस्तू आहेत.

१४ डिसेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. माझी चूक एकच झाली : मी थिअरीच्या आधी प्रॅक्टिकल केलं. आता दोन महिने फक्त थिअरी. गाडीवर ताडपत्री टाकली, दोरीनं बांधली. रोज संध्याकाळी कामावरून आलो की जेवून एक व्हिडिओ. अर्धवट काम रोज डोळ्यांसमोर असलं की आत्मविश्वास जातो, असं एका व्हिडिओतच सांगितलंय. म्हणून ताडपत्रीकडे बघायचंही नाही.

नाना विचारत नाहीत. योगिता विचारत नाही. घरात किती शांतता आहे! मोठं काम हातात असलं की घरचेही समंजस होतात.

२८ डिसेंबर

योगिता जेवण वाढत होती. नखं काळी. बोटांच्या पेरांतही काळं. मी म्हणालो, हे काय, माणसाला घास उतरला पाहिजे. म्हणाली, कढई घासली. मी म्हणालो, कढई बदल. नानांना एकदम ठसका लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांना आता घास नीट गिळताही येत नाही.

३ जानेवारी

खात्यातून जेवायला दुपारीच घरी आलो तर योगिता पोत्याच्या पिशवीत काहीतरी जड घेऊन रिक्षात बसत होती. विचारलं. उधन्याला जुनी भांडी देऊन येते म्हणाली. मी पिशवी उचलून देणार होतो, पण शर्ट धुतलेला होता. तिनं एका हातानं उचलली. बाईच्या अंगात बरीच ताकद आलीय.

संध्याकाळी बघितलं तर पिशवी परत घरात, तेवढीच जड. म्हणजे भांडीवाल्यानं घेतली नाहीत. तिला व्यवहार जमत नाही.

१० जानेवारी

माझ्या पान्यांच्या पेटीत कोणीतरी हात घातलाय. मी पाने कसेही टाकतो, ही माझी पद्धत आहे. आज सगळे लहान-मोठे ओळीनं लावलेले. पुसलेले. संशय सखारामकाकांवर. माझं काम बिघडावं म्हणून माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

१४ जानेवारी, उतरायण. दुपारी ४

आज सगळं सुरत गच्चीवर. मीही. सकाळपासून अकरा पतंग कापले गेले (माझे). योगिता आणि नाना वर आले नाहीत. नानांना गच्चीपर्यंतचा जिना चढवत नाही आणि ती त्यांना सोडून येत नाही म्हणाली.

डीजेचा एवढा गोंगाट, पण माझा कान आता तयार झालाय. गाणं बदलताना मधेच शांतता झाली, तेव्हा खालून कुणाच्या तरी गाडीचा आवाज आला. पहिल्यांदा थोडा अडखळत. मग कुणीतरी स्क्रू बारीक बारीक फिरवत असावं, तसा हळूहळू सरळ होत गेला. शिलाई मशीनसारखा. मी शेजारच्या प्रशांतला म्हणालो, ऐक, याला म्हणतात ट्यूनिंग. आपल्या गल्लीत कुणीतरी जाणकार आहे. तो कठड्यावरून खाली वाकून बघत होता, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्टर, तुम्ही पतंग उडवा."

उद्या त्या माणसाचा शोध घ्यायचा. ओळख ठेवलेली बरी.

१८ जानेवारी

शोध घेतला. कुणी सांगायला तयार नाही. सगळे नुसते हसतात.

१ फेब्रुवारी

नानांची तब्येत सुधारलीय. परवा दवाखान्यातून आले ते ताजेतवाने, येताना वाटेत नाश्ता करून. मी म्हणालोच होतो, रिक्षाची सवय व्हायला वेळ लागतो. उगाच गाडी-गाडी करत होते.

ताडपत्रीची दोरी मी साधी गाठ मारून बांधली होती. आता फास दिसतोय. वाऱ्यानं झालं असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज स्पष्ट बोलायचं ठरवलं. पुरुषानं अप्रिय गोष्टी टाळू नयेत. नानांसमोर बसलो आणि सांगितलं : गाडी लग्नापर्यंत होणार नाही. हे इंजिन मुळातच दुबळं आहे, दुसरा कुणी असता तर त्याने कधीच भंगारात दिलं असतं. योगिता आणि मी रेल्वेनं जाऊ. तुम्ही घरी राहा, प्रशांतची आई जेवणाचं बघेल. आणि हर्षदाचं लग्न मी तुम्हाला मोबाईलवर व्हिडिओ कॉलनं पूर्ण दाखवतो. आजकाल परदेशातले लोकही असंच बघतात. उलट पुढच्या रांगेत बसल्यासारखं दिसतं.

वाटलं होतं रडारड होईल. नाना "बरं" म्हणाले. योगिताही "बरं" म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. मला भरून आलं. इतक्या वर्षांत मी या घराला वास्तवाला तोंड द्यायला शिकवलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.३०

ड्यूटीवरून आलो. घराला कुलूप. शेडमध्ये गाडी नाही. ताडपत्री घडी घालून ओट्यावर.

पहिला विचार : चोरी. मग लक्षात आलं की खोललेल्या इंजिनाची गाडी चोर उचलून नेणार कशी. सखारामकाका ओट्यावर होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "साडेचारला गेले की. बाई चालवत होती, म्हातारा शेजारी बसला होता. लई खुशीत होता." असं म्हणून पुढे विचारलं, "तुम्हाला सांगितलं नाही?"

फोन लावला. योगितानं उचलला. आम्ही नवापूरला चहाला थांबलोय, म्हणाली. विचारलं, कुणाच्या गाडीनं? म्हणाली, "आपल्याच." विचारलं, इंजिन कुणी केलं? ती म्हणाली, "नाना सांगत गेले, मी करत गेले. तुम्ही कामावर गेलात की." तिनं हेड उधन्याच्या लेथवाल्याकडून घासून आणलं होतं आणि त्यालाच घरी बोलावून तुटका बोल्ट काढून घेतला होता. टोप्या चुकीच्या होत्या, रिंगा चुकीच्या होत्या, त्या सगळ्या तिनं परत बसवल्या. हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मागे इंजिन चालू होतं. उतरायणला ऐकलेला तोच आवाज.

"भात कुकरमध्ये आहे, किल्ली सखारामकाकांकडे," म्हणाली आणि ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार. दोंडाईचा स्टेशन, संध्याकाळी ५

सकाळच्या गाडीनं आलो. उभ्यानं. हळद लागून गेली होती, मुहूर्ताला कसाबसा पोचलो.

वाटेत ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. इंजिन शेवटी मीच उतरवलं होतं, पाया मीच घातला, शेवटचा हात घरच्यांनी फिरवला, असं. मांडवापाशी पोचलो तर नानांच्या वर्कशॉपातली चार-पाच म्हातारी माणसं बॉनेट उघडून उभी. नाना मधे खुर्चीवर, योगिता त्यांच्या खांद्याला हात लावून. एक जण कान लावून म्हणाला, "धुडकू, सेटिंग तुनाच शे रे." नाना म्हणाले, कान माझे, हात पोरीचे. मग त्यांनी मला बघितलं. माझी ओळख करून दिली, चांगल्या शब्दांत. हे आमचे जावई. इंजिन यांनी खोललं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढचं काही कुणी विचारलं नाही.

जेवणानंतर नानांना एकटं गाठलं. विचारलं, मला का नाही सांगितलं? चिडून नाही विचारलं, खरंच विचारलं. नानांचे हात मांडीवर हलत होते.  म्हणाले, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परत खोललं असतं.

ते रागानं म्हणाले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तेव्हा मी ते लॉक माझ्या खिशात सापडल्याचं सांगितलं. साडेतीन महिन्यांनी. नाना म्हणाले, माहीत आहे. शर्ट योगितानं धुतला होता, तुम्ही ते परत तिथेच विसरला होतात.

पाठवणी त्याच गाडीतून झाली. हर्षदाला गावातल्याच सासरी सोडून योगिता परत मांडवात आली, तेव्हा सुरतला निघायची वेळ झाली होती. पुढे नाना, मागे सुरतला येणाऱ्या योगिताच्या दोन मावश्या, भागीरथीबाई आणि प्रमिलाबाई, आणि त्यांच्या दोन नाती, मांडीवर बुंदीचे डबे. मी गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. योगितानं काच खाली केली. मला वाटलं, मागच्यांना सरका म्हणेल. म्हणाली, "स्टेशनच्या रिक्षा त्या बाजूला मिळतात."

रिक्षा मिळाली नाही. चालत आलो. रस्ताभर कुणाची चूक ते शोधत होतो. स्टेशन आलं तरी दुसरं नाव सापडलं नाही.

गाडी सव्वा तास लेट आहे.